सबवूफरसाठी कंपनीचा स्टिरिओ बदलावा लागत नाही

‘गाडीत सबवूफर (फक्त खोल बास वाजवणारा मोठा स्पीकर) हवा असेल तर आधी कंपनीचा स्टिरिओ काढा, त्याला आरसीए आउटपुट नसतं,’ हे वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे आउटपुट, म्हणजे सबवूफर चालवणाऱ्या वेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरला सिग्नल देणारी जोडणी, बहुतेकदा नसतं, हे खरं. पण म्हणून चांगला चालणारा स्टिरिओ काढून टाकायचं काहीच कारण नाही.

सबवूफरला लागणारा सिग्नल मागच्या स्पीकरच्या तारांमध्ये असतोच. तो फक्त व्होल्टेजने जास्त असतो. लाइन आउटपुट कन्व्हर्टर नावाची छोटी डबी तो अ‍ॅम्प्लिफायरला पचेल इतका खाली आणते. अनेक अ‍ॅम्प्लिफायरना तर हाय-लेव्हल इनपुट असतं. स्पीकरच्या तारा थेट तिथेच जोडायच्या. मग अ‍ॅम्प्लिफायरचा लो-पास फिल्टर, म्हणजे फक्त खालचे सूर पुढे सोडणारी चाळणी, साधारण ८० हर्ट्झवर ठेवला, की गाणाऱ्याचा आवाज समोर राहतो आणि डिकीतून फक्त ठेका येतो.

एक अडचण मात्र खरी आहे. काही गाड्यांत आवाज वाढवला की कंपनीची यंत्रणा छोटे स्पीकर जपण्यासाठी बास आपोआप कमी करते. तिथे हरवलेला बास भरून काढणारा प्रोसेसर लागतो. तरीही स्टिरिओ जागेवरच राहतो.

माझ्या मते खरी काळजी वायरिंगची घ्यावी. बॅटरीकडून येणाऱ्या जाड तारेवर, बॅटरीपासून साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज हवाच. तार कुठे घासून पत्र्याला टेकली तर आग लागू शकते. आणि अर्थिंगचा स्क्रू रंगावर आवळू नका. रंग खरवडून चकचकीत पत्रा दिसू द्या, मग आवळा.