खोल पाण्यामागे शहर

चौल पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापाऱ्यांनाही ठाऊक होते. बहामनी काळात दाभोळहून अरबस्तानाकडे गलबते सुटत. सतराव्या शतकात राजापुरात इंग्रजांची वखार होती. आज चौलला नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत आणि दाभोळच्या खाडीत मच्छीमारांच्या बोटी. या गावांचे दैव फिरले असे म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. दैव बाजूला ठेवून पाण्याची खोली मोजली तर बरेचसे उत्तर मिळते.

लहान गलबताला दोन वाव पाणी पुरे. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावरची लांबी, साधारण १.८ मीटर. वाशिष्ठीसारखी नदी पावसाळ्यात सह्याद्रीची माती घेऊन येते. गोड्या पाण्यात चिकणमातीचे बारीक कण एकमेकांना दूर लोटतात, म्हणून तरंगत राहतात. खाडीत खारे पाणी लागले की तेच कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी बसतात. मुखाशी लाटांनी आणलेली वाळू आडवी पडते ती वेगळीच. गलबत भरती साधून त्यावरून आत यायचे. मोठ्या आगबोटींना ते जमेना. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे गेली, १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला, १८८० मध्ये मुंबईत प्रिन्सेस डॉक झाला, आणि घाटावरचा कापूस मुंबईच्या वाटेला लागला. नुसती खोली शहर घडवत नाही. मागे वाहतूकही लागते.

दुसरा धक्का एका पेटीने दिला. १९५६ मध्ये अमेरिकेत एक जहाज ५८ पेट्या घेऊन निघाले. आजचा मूळ कंटेनर २० फूट लांब आणि ८ फूट रुंद असतो, आणि जगभर त्याचे कोपरे सारखे असल्याने कुठलीही क्रेन तो उचलते. पोत्यांसाठी गोदाम लागायचे, पेट्यांना मोकळे सपाट मैदान लागते. मुंबईच्या जुन्या गोद्यांमागे ते नव्हते. १९८९ मध्ये खाडीपलीकडे उरण तालुक्यात न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, आणि उरण-पनवेलच्या रस्त्यांवर ट्रेलर, यार्ड, गोदामे, मग चाळी आणि टॉवर आले.

आता हिशेब पाहा. जहाजाचे १४ मीटर पाण्याखाली असले तर बुडाखाली निदान दहा टक्के पाणी मोकळे हवे, म्हणजे १५.४ मीटर. शिवाय जहाज चालू लागले की खालचे पाणी जोरात सरकते, दाब घटतो आणि जहाज आणखी खाली बसते. समजा, खोदलेली वाट ओहोटीच्या पातळीपासून १४ मीटर आहे. उरलेले दीड-दोन मीटर भरतीने द्यायचे. भरतीला ते मिळतात, ओहोटीला थांबावे लागते. आणि खोदलेली वाट हा शेवटी समुद्रतळातला खड्डाच. गाळ तिथेच आधी बसतो, म्हणून गाळ उपसणारे ड्रेजर कायम कामाला. पालघरचे वाढवण बंदर नैसर्गिक सुमारे २० मीटर खोलीसाठी निवडले आहे. तरी तिथेही १,४४८ हेक्टर भराव आहेच, आणि त्याच पाण्यात ज्यांची जाळी पडतात ते मच्छीमार विरोधात आहेत.

तर समुद्र खोदायचा आणि किनारा भरायचा. उरणची मिठागरे आणि खारजमिनी म्हणजे उधाणाचे पाणी पसरायची जागा होती. ती जमीन देताना १९८४ मध्ये शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात जासईत गोळीबार झाला आणि माणसे गेली. जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याच्या योजनेमागे तो लढा आहे. पाण्यासाठी मात्र साडेबारा टक्के कोणी ठेवले नाहीत.

नवी मुंबईचे काही भाग भरतीच्या पातळीहून खाली आहेत. तिथे धारण तलाव बांधले. नाल्यांचे पाणी तलावात साठते. तोंडाशी वरून बिजागरीवर टांगलेली झडप असते. भरती आली की समुद्राचाच दाब ती मिटवतो, ओहोटीला तलावाचे पाणी ती आतून ढकलून उघडते. वीज नको, माणूस नको. एक चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर १ लाख घनमीटर पाणी होते. १० हेक्टरच्या तलावात एक मीटर जागा रिकामी असेल तर ते सगळे मावते. पण तळाशी एक मीटर गाळ बसला की तेवढीच जागा गेली. गाळावर कांदळवन उगवते, ते तोडायला उच्च न्यायालयाची परवानगी लागते, आणि जेसीबी काठावर थांबतो.

झडपेत प्लास्टिकची पोती अडकली तर ती बोटभर उघडी राहते. पाऊस जोरात आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली की त्या फटीतून समुद्र आत येतो. अशा वेळी गटारातून वर येणारे पाणी चाखून पाहिले तर खारट लागते.