नाशिक परिसरातील डोंगरधावेच्या वाटा

डोंगरधाव, म्हणजेच ट्रेल रनिंग, हा डांबरी रस्ता सोडून पाऊलवाटांनी, चढउतारांच्या आणि नैसर्गिक भूभागावरून धावण्याचा क्रीडाप्रकार आहे. आंतरराष्ट्रीय ट्रेल रनिंग संघटनेच्या व्याख्येनुसार अशा मार्गातील पक्क्या रस्त्याचा हिस्सा एकूण अंतराच्या २० टक्क्यांहून अधिक नसावा. नाशिक जिल्ह्यात या धावण्याच्या वाटा मुख्यतः त्र्यंबक रांग, सातमाळा रांग, सेलबारी-डोलबारी रांग आणि कळसूबाई रांगेचा उत्तर उतार या चार भागांत आहेत. त्यांपैकी फारच थोड्या धावण्यासाठी म्हणून पाडल्या गेल्या असतील. भाविकांची प्रदक्षिणा, गुराख्यांची ये-जा, किल्ल्यांवरील शिबंदीचा, म्हणजे पहाऱ्याच्या फौजेचा, राबता आणि पाड्यांमधला रोजचा व्यवहार यांनी त्या मळल्या आहेत.

आधुनिक डोंगरधावेला जगभर प्रसिद्धी मिळाली ती आल्प्स पर्वतामुळे. स्वित्झर्लंडमधील सिएर ते झिनाल ही ३१ किमीची शर्यत १९७४ पासून धावली जाते. फ्रान्समधील शामोनी येथून निघून इटली आणि स्वित्झर्लंडमार्गे पुन्हा शामोनीला येणारी ‘अल्ट्रा-ट्रेल द्यू माँ ब्लाँ’ ही शर्यत २००३ मध्ये सुरू झाली. तिचे अंतर सुमारे १७० किमी असून एकूण चढ १०,००० मीटरच्या आसपास भरतो. ज्या माँ ब्लाँ शिखराचे नाव या शर्यतीला आहे ते सुमारे ४,८०० मीटर उंच असले, तरी शर्यत शिखरावर जात नाही. २,५०० मीटरच्या आसपासच्या खिंडी ओलांडत ती पर्वताला फेरी घालते. धावण्याजोगी वाट बहुधा डोंगराच्या माथ्यावर नसून त्याच्या कडेने असते, हे तत्त्व नाशिकच्या डोंगरांनाही लागू पडते. किंबहुना येथील खडकाच्या रचनेमुळे ते येथे अधिकच ठळकपणे दिसते.

सह्याद्रीचा हा भाग दख्खनच्या लाव्ह्याचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक थिजलेल्या लाव्ह्याच्या थरांपैकी कठीण थरांचे उभे कडे झाले आणि तुलनेने मऊ थर झिजून त्यांचे सपाट किंवा मंद उताराचे पदर झाले. त्यामुळे नाशिककडचा डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत एकसारखा चढत नाही. आधी मुरमाड सोंड, मग झाडीचा पदर, मग कातळकडा, पुन्हा पदर आणि शेवटी पठार अशी त्याची चढण असते. पदरावर आणि पठारावर मोकळेपणाने धावता येते, सोंडेवर दमाने चढावे लागते आणि कड्यावर हातांचा आधार घेतल्याशिवाय गत्यंतर नसते. आल्प्समध्ये वृक्षरेषेच्या, म्हणजे झाडे जिथवर वाढतात त्या उंचीच्या, वर विरळ हवा आणि जूनपर्यंत रेंगाळणारे हिमाचे पट्टे ही अडचण असते. येथे उंची तशी बेताची असते आणि अडथळा येतो तो कड्यांचा, घसाऱ्याचा (सुट्या दगड-मुरमाच्या उताराचा) आणि उन्हाचा. नाशिक शहरच समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर वसलेले आहे, राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मी.) शहरापेक्षा जेमतेम एक हजार मीटर उंच भरते.

मार्गाची अवघडता मोजण्यासाठी अंतराच्या किलोमीटरमध्ये दर १०० मीटर चढामागे एक किलोमीटर मिळवण्याची पद्धत रूढ आहे. त्या हिशेबाने ९०० मीटर चढाची १२ किमीची वाट सपाटीवरच्या २१ किमीइतकी ठरते. सह्याद्रीत हा हिशेब अपुरा पडतो, कारण त्यात कातळपायऱ्यांचा आणि निसरड्या उताराचा वेळ धरलेला नसतो.

या परिसरातील सर्वांत जुनी आणि सर्वांत महत्त्वाची फेरी म्हणजे त्र्यंबकेश्वरची ब्रह्मगिरी प्रदक्षिणा होय. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी लाखो भाविक ही प्रदक्षिणा करतात. रविवारी रात्रीच त्र्यंबकमधील कुशावर्त तीर्थावर स्नान करून ते निघतात आणि पुष्कळजण अनवाणी चालतात. नेहमीच्या फेरीचे अंतर सुमारे २० किमी असून पहिने आणि सापगावच्या बाजूने डोंगराला वळसा घालून ती पुन्हा त्र्यंबकला येते. ब्रह्मगिरीचे कडे या वाटेवर सतत एका हाताला राहतात, त्यामुळे दाट धुके नसेल तर दिशा चुकण्याचा संभव कमी असतो. वाटेचा बराचसा भाग आता डांबरी झाला आहे. उरलेल्या भागात भातखाचरांचे बांध, ओढे आणि लाल चिखल लागतो, आणि धावणाऱ्याच्या दृष्टीने खरी प्रदक्षिणा तीच. गोदावरी आणि वैतरणा या दोन्ही नद्या याच डोंगरांत उगम पावतात. एक पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जाते, तर दुसरी पश्चिमेला अरबी समुद्राकडे. पावसाळ्यात या जलविभाजकाच्या दोन्ही अंगांचे ओढे एकाच फेरीत ओलांडावे लागत असल्याने पाण्याचा अंदाज घेऊनच निघणे इष्ट असते. यात्रेच्या दिवशी मात्र या वाटेवर धावू नये. ती वाट त्या दिवशी चालणाऱ्यांची असते आणि गर्दीतून पुढे घुसणे अपघातास कारणीभूत ठरू शकते.

ब्रह्मगिरीच्या माथ्यावर (सुमारे १,२९५ मी.) जाणारी वाट कातळात खोदलेल्या पायऱ्यांची आहे. वरचे पठार धावण्यास उत्तम आहे. तेथून दुर्गभांडार या जोडकिल्ल्याकडे जाणारी अरुंद कातळभिंत मात्र सावकाश चालत पार करावी लागते, कारण तिच्या दोन्ही बाजूंना खोल दरी आहे.

नाशिक-त्र्यंबक रस्त्यालगतच्या अंजनेरीवर दोन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्याच्या विस्तीर्ण पठारावर अंजनीमातेचे मंदिर आणि तळे आहे, तर त्याच्या वर शिखराचा दुसरा टप्पा उठतो. शहराजवळ असूनही इतके सलग पठार मिळत असल्याने सरावासाठी ही जागा लोकप्रिय आहे. परंतु याच पठारावर सेरोपेजिया अंजनेरिका ही कंदीलपुष्पाची अतिदुर्मिळ जात उगवते आणि कड्यांत लांब चोचीच्या गिधाडांची घरटी असतात. २०१७ मध्ये अंजनेरीला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यात आला. पावसाळ्यात कंदीलपुष्प बोटभर गवतात दडलेले असते आणि अनोळखी डोळ्याला सहज दिसत नाही, म्हणून चिखल चुकवण्यासाठी वाटेच्या कडेने गवतात पाय टाकण्याची सवय येथे फार नुकसान करते. चिखल असला तरी मळलेल्या वाटेनेच जावे.

त्र्यंबकच्या पश्चिमेचा हरिहर किल्ला समाजमाध्यमांवरील छायाचित्रांमुळे धावणाऱ्यांनाही खुणावतो. त्याच्या कातळपायऱ्या जवळजवळ उभ्या कड्यात खोदलेल्या असून प्रत्येक पायरीच्या दोन्ही कडांना बोटे रुतवण्यासाठी खोबण्या कोरलेल्या आहेत. वर जाणारा आणि खाली येणारा अशा दोघांना एकमेकांना ओलांडणे तेथे कठीण असते. हरिहरचा पायथा आणि त्यापुढचा पदर धावण्याजोगा आहे, पायऱ्या मात्र धावण्याजोग्या नाहीत.

लांब पल्ल्याची सलग धाव हवी असेल तर सातमाळा रांगेला पर्याय नाही. अचला, अहिवंत, सप्तशृंग, मार्कंड्या, रवळ्या-जावळ्या आणि धोडप हे डोंगर पश्चिमेकडून पूर्वेकडे ओळीने उभे आहेत. या रांगेची खुबी अशी की किल्ल्यांचे माथे वगळून त्यांच्या पदरांवरून आणि मधल्या बाऱ्यांमधून (खिंडींमधून) एका डोंगराकडून दुसऱ्याकडे जाता येते. सप्तशृंग गडाकडे चैत्रात खानदेशातून पायी येणाऱ्या यात्रेकरूंमुळे नांदुरीच्या बाजूच्या वाटा ठळक आहेत. रवळ्या-जावळ्याच्या जोडडोंगराखालचे पठार हा या रांगेतला सर्वांत वेगवान टप्पा म्हणता येईल. हट्टी गावातून चढणाऱ्या धोडपवर शेवटी कातळपायऱ्या आहेत आणि माथ्यालगतची, मध्येच खाच पडलेली कातळभिंत दुरूनही ओळखू येते.

सेलबारी-डोलबारी रांगेतला, बागलाणातील साल्हेर (१,५६७ मी.) हा महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला आहे. १६७२ मध्ये येथे मराठ्यांनी मोगलांचा मोकळ्या रणात पराभव केला. वाघांबे गावातून साल्हेर आणि सालोटा यांच्यामधल्या खिंडीत चढणारी वाट दमछाक करणारी असून खिंडीपासून साल्हेरच्या कड्यातून आडवी जाते. माथ्यावर गंगासागर तलाव आणि सर्वोच्च टोकावर परशुरामाचे मंदिर आहे. कळसूबाईचा बारी गावाकडून येणारा मार्ग लोखंडी शिड्यांचा आणि नेहमीच गर्दीचा असल्याने चढाईच्या सरावापलीकडे त्याचा फारसा उपयोग नाही.

शहरातील धावपटूंचा रोजचा सराव पांडवलेणी, म्हसरूळजवळची चामर लेणी आणि रामशेज या छोट्या डोंगरांवर चालतो. जिल्ह्याला लांब पल्ल्याच्या धावण्याची परंपरा आहे. हरसूलजवळच्या सावरपाडा या आदिवासी पाड्यातून आलेल्या कविता राऊत यांनी २०१० मध्ये १०,००० मीटर धावण्यात दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्यपदक आणि ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. ही पदके ट्रॅकवरची आहेत, पण त्यामागची माती याच डोंगराळ भागातली आहे.

वाट निवडताना पावसाचा विचार प्रथम करावा लागतो. इगतपुरीत वर्षाला सरासरी ३,००० मिमीहून अधिक पाऊस पडतो, तर अवघ्या ४५ किमीवरील नाशिक शहरात तो ७०० मिमीच्या आसपास असतो आणि चांदवडकडे आणखी कमी होतो. म्हणून जुलैत त्र्यंबक आणि इगतपुरीकडचे कातळ शेवाळलेले असताना पूर्व सातमाळ्यातील वाटा बऱ्याचदा धावण्याजोग्या असतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा सर्वत्र उत्तम काळ होय. मार्चनंतर गवत वाळून उतारावरचा मुरूम सुटतो आणि बूट टाचेपासून घसरतो. एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊनंतर उघड्या सोंडेवर थांबणेही धोक्याचे असते. किल्ल्यांवरील टाक्यांपैकी पिण्याजोगे पाणी मोजक्याच टाक्यांत टिकते, त्यामुळे उन्हाळ्यात पाणी सोबत नेणे अपरिहार्य आहे. कड्यांना लटकलेली आग्यामोहोळे, पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि शेवटी पठारावर पडणाऱ्या विजा आणि पहाटेच्या अंधारात बिबट्याचा वावर हे येथील नेहमीचे धोके आहेत.

स्वित्झर्लंडमध्ये डोंगरी वाटांवर पांढऱ्या-लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या खुणा असतात आणि पाट्यांवर पुढच्या ठिकाणापर्यंतचा वेळ लिहिलेला असतो. नाशिकच्या वाटांवर कातळावर रंगवलेले बाण आणि रचलेले दगड एवढ्याच खुणा आढळतात, त्याही सलग नसतात. पदरावर शिरताच ढोरवाटांचे जाळे सुरू होते आणि कारवीच्या रानात त्या मुख्य वाटेइतक्याच मळलेल्या दिसतात. वाट कड्याकडे चढत नसून पाण्याकडे उतरते आहे असे दिसले की ती बहुधा गुरांची असते. मोबाइलवरील नकाशा कड्याखाली दगा देऊ शकतो, म्हणून नव्या रांगेत पहिली फेरी गावातील वाटाड्यासोबत चालत करावी. वन विभाग आणि प्रशासन पावसाळ्यात गर्दीच्या ठिकाणी वेळोवेळी प्रवेशावर निर्बंध घालतात. त्यांची चौकशी निघण्यापूर्वी पायथ्याच्या गावात करता येते.