चुंबकीय अब्जांश कण : वैद्यकीय उपयोग

मॅग्नेटाइट वा मॅगहेमाइट या लोह ऑक्साइडांचे नॅनोमीटर आकारमानाचे कण एमआरआय प्रतिमा स्पष्ट करण्यासाठी आणि कर्करोगावरील ऊष्मोपचारात (कण तापवून कर्कपेशी नष्ट करण्याच्या उपचारात) वापरतात. सुमारे 20 नॅनोमीटरपेक्षा लहान मॅग्नेटाइट कण सामान्यतः अतिसमचुंबकीय असतात, म्हणजे बाह्य चुंबकीय क्षेत्र काढताच त्यांचे चुंबकत्व जवळजवळ उरत नाही, म्हणून ते एकमेकांना चिकटून गुठळ्या करत नाहीत. त्यांवर बहुधा डेक्स्ट्रानसारख्या बहुवारिकाचा (पॉलिमरचा) लेप असतो.

ऊष्मोपचाराचा आरंभ बहुतेक लेखक 1957 मधील गिलख्रिस्ट व सहकाऱ्यांच्या प्रयोगांपासून मानतात. त्यांनी लसिका ग्रंथींत पोहोचलेले 20 ते 100 नॅनोमीटरचे कण 1.2 मेगाहर्ट्‌झ वारंवारतेच्या प्रत्यावर्ती चुंबकीय क्षेत्राने तापवले. मात्र एवढ्या आकाराच्या कणांत उष्णता मुख्यतः चुंबकीय मंदायनातून (क्षेत्र उलटसुलट होताना कणाचे चुंबकत्व मागे पडल्याने होणाऱ्या ऊर्जाऱ्हासातून) आली असावी. कलिली द्रवातील अतिसूक्ष्म कण शरीराला सोसेल अशा क्षेत्रातही अधिक ऊर्जा शोषतात, हे आंद्रेआस योर्डान व सहकाऱ्यांनी 1993 मध्ये दाखवले. कल्पनेचे श्रेय गिलख्रिस्टना देऊनही आजच्या पद्धतीचा पाया या दुसऱ्या कामात शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. अशा कणांत उष्णता दोन मार्गांनी निर्माण होते : कणाच्या आतील चुंबकीय आघूर्ण (चुंबकत्वाची दिशा) फिरल्याने (नेएल शिथिलन) किंवा अख्खा कण द्रवात फिरल्याने (ब्राउन शिथिलन). ऊतीत अडकलेल्या कणाला फिरायला जागा नसते. त्यामुळे परीक्षानळीतील तापमानवाढ रुग्णाच्या शरीरात तशीच मिळेल असे गृहीत धरता येत नाही.

प्रतिमांकनात यकृताचे उदाहरण बोलके आहे. तेथील कुप्फर पेशी कण गिळतात, निरोगी भाग काळा दिसतो. या पेशी नसलेले अर्बुद (गाठ) उजळ राहते. यासाठीचे फेरिडेक्स हे कणयुक्त औषध अमेरिकेत 1996 मध्ये मान्य झाले. 2008 मध्ये त्याचे उत्पादन थांबले. रक्तक्षयासाठी 2009 मध्ये मान्य झालेले फेरुमॉक्सिटॉल हे अशाच कणांचे औषध काही ठिकाणी प्रतिमांकनातही वापरतात. तीव्र अधिहर्षतेच्या (ॲलर्जीच्या) शक्यतेमुळे 2015 पासून त्यावर ठळक इशारा असतो.

जर्मनीत 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मेंदूतील ग्लायोब्लास्टोमा हा कर्करोग उलटलेल्या 59 रुग्णांच्या अर्बुदात कण टोचून 100 किलोहर्ट्‌झचे चुंबकीय क्षेत्र दिले गेले. जोडीला किरणोपचार होते. पुनरुद्‌भवाच्या निदानानंतरचे मध्यक आयुर्मान 13.4 महिने आढळले. स्वतंत्र नियंत्रण गट नसल्याने हा आकडा जपून वाचावा लागतो. उपचारापूर्वी दातांतील धातूचे भराव काढावे लागत. कण मेंदूतच राहत असल्याने त्या जागी एमआरआय नीट दिसत नसे, पुढच्या तपासणीसाठी सीटी स्कॅनच करावा लागे.