बिडाचे जुने गॅस बर्नर आणि ‘हाय प्रेशर’चा घोळ

गेल्या काही वर्षांत माळ्यावर पडलेले, बंद पडलेल्या खानावळीतले, भंगारात वजनावर निघालेले बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, गॅस बर्नर लोक परत घासूनपुसून वापरायला लागलेत. कोल्हापुरात बिडाचं कुणाला नवल नाही, उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, किती घरं कास्टिंगवर उभी राहिलीत ते वेगळं सांगायला नको. पण बर्नर हातात आला की पहिला प्रश्न ठरलेला, हा हाय प्रेशर का लो प्रेशर? आणि तिथंच सगळं अडतं.

लांबचा इतिहास थोडक्यात सांगतो. जळायच्या आधीच गॅसमध्ये हवा मिसळायची आणि निळा जाळ काढायचा ही युक्ती जर्मनीत हायडेलबर्गच्या प्रयोगशाळेत १८५५ च्या सुमारास बसली, आजचा प्रत्येक बर्नर तिच्यावरच चालतो. कोळशापासून काढलेला गॅस कलकत्त्यात १८५० च्या दशकात आणि मुंबईत १८६० च्या दशकात रस्त्यावरच्या दिव्यांना मिळायला लागला. बर्नरला बीडच का, तर ते १२०० अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे स्टीलच्या तीनेकशे अंश आधी, आणि वाळूच्या साच्यात रिंग, नळी, पाय असली वेडीवाकडी घडण सहज उतरते. उघड्या जाळावर पत्रा वर्षादोनवर्षांत वाकतो, जाड बीड बसतं तसंच बसून राहतं.

टाकीतला गॅस (एलपीजी) मुंबईत १९५५ ला आला, कलकत्त्यात १९६५ ला सरकारी कंपनीनं सुरू केला, आणि सत्तरच्या दशकात परदेशी तेल कंपन्या सरकारनं ताब्यात घेतल्या. मला नीट आठवतो तो त्यानंतरचा काळ. गॅसला नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची, तोवर घरात रॉकेलचा स्टोव्ह, मागच्या दाराला चूल, आणि गावाकडं गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाडं. आमच्या आत्याची खानावळ होती, तिथं कोळशाची शेगडी जाऊन तीन रिंगांचा बिडाचा बर्नर आला तेव्हा आत्यानं पहिल्या दिवशी त्याला हळदकुंकू लावलेलं. पांढऱ्या रश्श्याचं पातेलं एकदा चढलं की दुपारपर्यंत त्याच्यावरच, आणि बाहेरची रिंग बंद करून मधल्या रिंगेवर मंद ठेवता यायचं, जे कोळशावर कधी जमलं नाही. मिसळीचा कट करणारे आचारी आजही हेच सांगतील, बिडाच्या रिंगेवर बुडाला सगळीकडं सारखा जाळ लागतो.

आता तो शब्द. ‘हाय प्रेशर’ म्हणजे आपल्याकडं एकाच वेळी तीन गोष्टी. जुनी माणसं पंप मारायच्या रॉकेल स्टोव्हला प्रेशरचा स्टोव्ह म्हणायची, तिथून फरफर आवाज करणारा कुठलाही मोठा जाळ ‘प्रेशरचा’ झाला. दुकानात मोठा, जड बर्नर दिसला की त्याला हाय प्रेशर म्हणतात. आणि खरा अर्थ रेग्युलेटरचा आहे, बर्नरचा नाहीच. घरगुती टाकीवरचा रेग्युलेटर गॅस सोडतो तो साधारण ३० ग्रॅम दर चौरस सेंटिमीटर दाबानं. लग्नाच्या भट्टीचा चावीनं कमीजास्त करायचा रेग्युलेटर एक किलो, कधी त्याच्याही वर जातो. म्हणजे दाब तीसपट, आणि त्याच जेटमधून, म्हणजे बर्नरच्या नळीत गॅसची धार सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यातून, गॅस ढोबळमानानं पाच-सहापट. बर्नर कितीही जाडजूड असला तरी त्याचं जेट घरगुती दाबासाठी पाडलेलं असेल आणि वर भट्टीचा रेग्युलेटर जोडला, तर जाळ बर्नर सोडून वर तरंगतो, विझतो आणि न जळलेला गॅस खाली पसरतो, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साठतो.

उलटा प्रकार जास्त चालतो आणि त्यावरून वाद पण जास्त. भट्टीचा बर्नर घरच्या टाकीवर लावला, जाळ मिणमिणता आला, मग जेटला ड्रिल मारून भोक मोठं करायचं. बरेच कारागीर हे वर्षानुवर्षं करतात आणि काही होत नाही असं ठामपणे सांगतात. मला हे अजिबात पटत नाही. ०.७ मिलिमीटरचं भोक १ मिलिमीटर केलं की क्षेत्रफळ दुप्पट, डोळ्याला फरक दिसत पण नाही. एक भाग गॅसला जळायला पंचवीस-तीस भाग हवा लागते, ती नळीच्या तोंडातून गॅसच्या धारेच्या ओढीनं आत येते, गॅस दुप्पट झाला म्हणून तेवढी हवा येईलच असं नाही, मग पिवळा जाळ, पातेल्याला काजळी, आणि बंद स्वयंपाकघरात कार्बन मोनॉक्साइड. मलाही एका दुकानात असलंच ड्रिल मारलेलं जेट नवीन म्हणून दिलेलं, महिनाभर पातेली खरवडत होतो तेव्हा लक्षात आलं. पितळी जेट स्वस्तात मिळतं, त्या दाबाचं, त्या गॅसचं जेट नवीन बसवावं.

गॅसचं पण तसंच. परदेशातून आलेले फार जुने बर्नर कोळशाच्या गॅसचे असतात. त्या गॅसमध्ये निम्मा हायड्रोजन, उष्णता आपल्या टाकीच्या गॅसच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढी, म्हणून जेटचं भोक मोठं. ब्रिटननं १९६७ ते १९७७ अशी दहा वर्षं घालवून घराघरातले बर्नर नैसर्गिक गॅससाठी बदलले, तेव्हा निघालेला माल अजून फिरतोय. तो तसाच आपल्या टाकीला जोडायचा नाही.

डागडुजीचं म्हणाल तर आधी बर्नर टांगून हातोडीनं हलकी टिचकी मारा. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर कुठंतरी तडा आहे, फौंड्रीतली माणसं कास्टिंग असंच तपासतात. तडा बहुतेक गरम बर्नरवर गार पाणी पडून गेलेला असतो. गंज तारेच्या ब्रशनं, फारच असेल तर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून काढायचा, दुसऱ्या टोकाला साधं लोखंड, स्टेनलेस कधीच नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. रिंगेची भोकं मोकळी करायची, मोठी करायची नाहीत, नाहीतर जाळ आत शिरून नळीत जळतो. जेटमध्ये तार घालू नये. चावी उघडून जुनं ग्रीस काढून उष्णता सोसणारं भरावं, रबरी नळी नवीनच, आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी. पहिल्यांदा पेटवायचा तो अंगणात.

आता शहरात पाइपचा गॅस येतोय. त्याची उष्णता, आकारमानानं धरली तर, टाकीच्या गॅसच्या निम्म्याहून कमी आणि दाब पण जरा कमी, त्यामुळं जेट पुन्हा बदलणार, या वेळी मोठं लागणार, आणि ड्रिलवाल्यांना वाटणार की आपलंच बरोबर होतं. पण पाइपच्या गॅसचं मोठं जेट उद्या परत टाकीवर लागलं तर काय होतं ते वर सांगितलंच. म्हणून नीट केलेल्या प्रत्येक बर्नरच्या पायाला मी पत्र्याची पट्टी तारेनं बांधतो आणि तिच्यावर खिळ्यानं तीन गोष्टी कोरतो, कुठला गॅस, कुठला रेग्युलेटर, जेटचं माप. आत्याच्या तीन रिंगांच्या बर्नरला अशा आता दोन पट्ट्या आहेत.