मांजर : नाव आणि नात्यातील नावे (मराठवाडा)

मांजर हा शब्द संस्कृत ‘मार्जार’वरून आला. त्याच्या मुळाशी ‘मृज्’, म्हणजे पुसणे, स्वच्छ करणे, हा धातू आहे. मार्जन हा शब्दही त्याच धातूचा. जिभेने अंग चाटून पुसून घेणारे जनावर ते मार्जार. अमरकोशात त्याला ‘आखुभुक्’, उंदीर खाणारा, असेही म्हटले आहे. मराठीत मात्र स्वच्छतेचे नाव रुळले. मादी ती भाटी, नर तो बोका, आणि घरात हाक मारायची तर मनी किंवा माऊ.

जैन पंडित हेमचंद्राने १२व्या शतकातल्या आपल्या प्राकृत व्याकरणात मार्जारची मंजर आणि वंजर अशी दोन रूपे दिली आहेत. मराठवाड्यातल्या माणसाला ही जोडी लगेच ओळखीची वाटते, कारण बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात उगम पावणाऱ्या मांजरा नदीलाही वंजरा म्हणत. तरी नदी मांजराच्या नावाची ठरत नाही. पुराणांतली वंजुळा ती हीच, असे मानतात, आणि वंजुल म्हणजे वेत. वेताचे नाव विसरले गेले आणि बोलण्यात ते ओळखीच्या मांजराकडे झुकले, हे अधिक पटते.

नावात मांजर आहे म्हणून प्राणी मांजरकुळातला असतोच असे नाही. शेताकडेचे रानमांजर, म्हणजे बाऊल, खरे मांजर. उदमांजर वेगळ्या कुळातले. पाणमांजर तर कुत्र्याच्या शाखेतले. उलट कुत्र्यासारखा दिसणारा तरस (संस्कृत ‘तरक्षु’) मांजराच्या शाखेतला आहे.

चित्ता हा ‘चित्रक’, ठिपक्यांचा. वाघ ‘व्याघ्र’वरून, जुने व्युत्पत्तिकार त्यात ‘घ्रा’, हुंगणे, हा धातू पाहतात. वाघावरूनच वाघाटी, हे एका छोट्या जंगली मांजराचे नाव. आषाढी द्वादशीला पारण्याच्या भाजीसाठी जिची फळे शोधतात ती काटेरी वेलही वाघाटीच. तिचे काटे नखासारखे वाकडे असतात. प्राणी असलेली वाघाटी जगातल्या सर्वांत लहान मांजरांपैकी एक, पूर्ण वाढूनही जेमतेम दीड किलोची. अंगावरच्या ठिपक्यांमुळे ऊसतोडीत सापडलेली तिची पिल्ले बिबट्याची समजून उचलली जातात. ती हलवू नयेत, वन विभागाला कळवावे. जागेवर राहिली तर आई बहुधा रात्री येऊन घेऊन जाते.