मॅनेजर की हेड कोच? मँचेस्टर युनायटेडच्या जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

५ जानेवारी २०२६ रोजी इंग्लंडमधल्या मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल क्लबने हेड कोच रुबेन अमोरिम यांना नारळ दिला. आदल्या दिवशी लीड्समध्ये १-१ अशी बरोबरी झाली होती. संघ गुणतक्त्यात सहावा होता, म्हणजे आदल्या मोसमाच्या मानाने बराच वर. तरीही चौदा महिन्यांत गाशा गुंडाळला गेला. लीड्सच्या सामन्यानंतर पत्रकारांसमोर ते म्हणाले होते की, मी इथे मॅनेजर म्हणून आलो आहे, नुसता कोच म्हणून नाही. अनेकांनी हा रागाच्या भरात सुटलेला शब्द मानला. मला तसं वाटत नाही. हा क्लब २०१३ पासून ज्या गुंत्यात अडकला आहे तो नेमका या दोन शब्दांमध्ये आहे, म्हणून या टिपणात त्यांना जास्त जागा देतो आहे.

आपल्या भाषेत हा गुंता आणखी वाढतो. क्रिकेटमुळे आपल्या कानाला ‘संघ व्यवस्थापक’ म्हणजे दौऱ्यावर हॉटेल, बस, सामान आणि हिशेब बघणारा माणूस, हे पक्कं बसलं आहे. नेटमध्ये घाम गाळायला लावतो तो प्रशिक्षक. फुटबॉलच्या मराठी बातम्यांत मग एकच माणूस पहिल्या परिच्छेदात व्यवस्थापक असतो आणि तिसऱ्यात प्रशिक्षक होतो. इंग्लंडमधला जुन्या वळणाचा मॅनेजर या दोन्ही शब्दांत मावत नाही. सराव तो घेतो, अकरा जण तो निवडतो, कोणाला विकत घ्यायचं आणि कोणाला विकायचं हे तो ठरवतो, पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांवर नजर ठेवतो, आणि शनिवारी हरला की जाबही त्यालाच विचारतात. हेड कोचच्या वाट्याला यातला सराव आणि संघनिवड येते. खेळाडूंची खरेदी-विक्री क्रीडा संचालक आणि भरती विभाग बघतो. युरोपात इतरत्र ही विभागणी जुनी आहे. युनायटेडसारख्या क्लबात मात्र ती रुजायला त्रास होतो, कारण सगळी सूत्रं एका हाती असलेल्या मॅनेजरची कल्पना तिथे जवळजवळ कुळाचारासारखी जपली गेली.

ती कल्पना मुळात तिथेही नव्हती. दुसऱ्या महायुद्धापर्यंत संघाचा कारभार बराचसा संचालक आणि क्लबचे सेक्रेटरी मिळून हाकत. १९३७ पासून युद्ध संपेपर्यंत वॉल्टर क्रिकमर नावाचे सेक्रेटरीच संघही सांभाळत होते. १९४५ मध्ये मॅट बस्बी आले तेव्हा मैदान बॉम्बने उद्ध्वस्त झालेलं होतं, आणि त्यांनी अट घातली की संघनिवड, सराव आणि खरेदी-विक्री माझ्याकडे राहील. तीन वर्षांचा करार देऊ केला होता, तो त्यांनी पाच वर्षांचा करून घेतला. ते तब्बल २४ वर्षं राहिले.

पुढचा प्रसंग फारसा कोणी आठवत नाही, पण आजच्या वादाशी त्याचं नातं सख्खं आहे. १९६९ मध्ये बस्बी पायउतार झाले आणि विल्फ मॅकगिनेस यांना बढती मिळाली. वय जेमतेम ३१. पदाचं नाव मॅनेजर नव्हतं, चीफ कोच होतं. बस्बी जनरल मॅनेजर म्हणून क्लबातच राहिले. मॅकगिनेस ज्यांच्याबरोबर कधीकाळी खेळले होते, त्यांतले काही आता त्यांच्या हाताखाली होते. १९७० मध्ये पदाचं नाव बदलून मॅनेजर केलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यांना दूर केलं. बस्बी मोसम संपेपर्यंत पुन्हा खुर्चीवर बसले. वरचा माणूस आणि खालचा माणूस यांच्यात कामाची हद्द न आखता फक्त पाटी बदलली की काय होतं, हे क्लबला तेव्हाच कळायला हरकत नव्हती.

त्यानंतरची पंधरा वर्षं भरभर सांगून टाकतो. १९७४ मध्ये संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला आणि वर्षभरात परत आला. १९८१ मध्ये शेवटचे सातही सामने जिंकून मॅनेजर घरी गेला. त्यानंतरच्या मॅनेजरने इंग्लंडची बाद पद्धतीची चषकस्पर्धा, म्हणजे एफए कप, दोनदा जिंकली, १९८५ चा मोसम सलग दहा विजयांनी सुरू केला, तरी पुढच्या नोव्हेंबरात त्याचीही उचलबांगडी झाली.

६ नोव्हेंबर १९८६ ला ॲलेक्स फर्गसन आले. प्रत्येक वादात हमखास पुढे केला जाणारा दाखला इथला आहे. डिसेंबर १९८९ मध्ये क्रिस्टल पॅलेसकडून घरच्या मैदानावर १-२ असा पराभव झाला, तेव्हा स्टँडमध्ये एका पाठीराख्याने चादरीसारखं कापड धरलं होतं. तीन वर्षं सबबी ऐकल्या, आता टाटा फर्गी, अशा अर्थाचा मजकूर त्यावर होता. त्याआधी सप्टेंबरात शेजारच्या मँचेस्टर सिटीने ५-१ ने धुतलं होतं. ७ जानेवारी १९९० ला एफए कपच्या तिसऱ्या फेरीत नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध मार्क रॉबिन्स या तरुण खेळाडूने गोल केला, संघ १-० ने जिंकला, आणि मे महिन्यात तोच कप घरी आला. लीगमध्ये मात्र त्या वर्षी तेरावा क्रमांक होता. पुढे १३ लीग विजेतेपदं आणि २०१३ ची निवृत्ती, हे वाचकांना ठाऊक आहे.

रॉबिन्सच्या गोलने नोकरी वाचली ही लोककथा आहे. संचालकांनी पुढे अनेकदा सांगितलं की हरलो असतो तरी त्यांना काढणार नव्हतो. हे नंतर सांगणं सोपं असतं हे मान्य, तरी मला त्यात तथ्य वाटतं, कारण फर्गसन यांच्या हातात तोपर्यंत खूप काही सोपवलेलं होतं. त्यांनी ॲबरडीनमध्ये तीन स्कॉटिश लीग आणि १९८३ चा युरोपीय कप विनर्स कप जिंकलेला होता. मँचेस्टरमध्ये आल्या आल्या त्यांनी पोरं हेरण्याची यंत्रणा मुळापासून बांधायला घेतली होती. तिची फळं १९९२ नंतर दिसली. आज कोणी ‘फर्गसनलाही वेळ दिलाच होता’ असं म्हणतं, तेव्हा मला विचारावंसं वाटतं, कोणत्या कामासाठी दिला होता? ज्याच्याकडे फक्त पुढच्या शनिवारचा संघ आहे, त्याला तीन वर्षं देऊन तो तीन वर्षांत नेमकं काय उभारणार?

२०१३ नंतरचा क्रम चाहत्यांना पाठ आहे, म्हणून फक्त खुणा. सहा वर्षांचा करार झालेला स्कॉटिश मॅनेजर एप्रिल २०१४ मध्ये, दहा महिन्यांच्या आत गेला. डच दिग्गजाने २१ मे २०१६ ला एफए कप उचलला आणि दोन दिवसांनी पद गमावलं. त्यानंतरच्या पोर्तुगीज मॅनेजरला जानेवारी २०१८ मध्ये मुदतवाढ मिळाली आणि त्याच डिसेंबरात हकालपट्टी. तिची किंमत १.९६ कोटी पौंड असल्याचं क्लबच्या हिशेबात दिसलं. मार्च २०१९ मध्ये पॅरिसमधल्या एका अद्भुत विजयानंतर हंगामी मॅनेजरला तीन वर्षांसाठी कायम केलं. जुलै २०२१ मध्ये त्याचाही करार वाढवला, आणि नोव्हेंबरात वॉटफर्डकडून ४-१ अशा पराभवानंतर त्याला निरोप दिला. नवा करार आणि निरोप यांच्यातलं अंतर दर खेपेला महिन्यांत मोजता येतं. मॅनेजर वाईट होते की बरे, हा वाद बाजूला ठेवला तरी निर्णय घेणारे शेवटच्या सामन्याच्या अमलाखाली निर्णय घेत होते, हे यातून दिसतं.

या सगळ्यात जून २०२४ चा निर्णय, म्हणजे तेव्हाचे मॅनेजर एरिक टेन हाग यांना ठेवण्याचा, मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

एरिक टेन हाग यांचं दुसरं वर्ष वाईट गेलं होतं. लीगमध्ये आठवा क्रमांक, ६० गुण, १४ पराभव, गोलफरक उणे एक. चॅम्पियन्स लीगच्या गटात तळाला. त्यांच्या बाजूने सांगायचं तर बचावफळी वर्षभर जायबंदी होती. एफए कपमध्ये मात्र वाटचाल चालू होती. २१ एप्रिलला वेम्ब्लीवर उपांत्य सामन्यात दुसऱ्या श्रेणीतल्या कॉव्हेंट्रीविरुद्ध ३-० ची आघाडी ३-३ झाली. जादा वेळेच्या अगदी शेवटी कॉव्हेंट्रीने चौथा गोल केला. मी टीव्हीपुढे उभा होतो, आणि खरं सांगतो, मला वाटलं आता हा माणूस उद्याच जाणार. मग पडद्यावर व्हिडिओ तपासणीच्या रेघा उमटल्या, बुटाच्या टोकाएवढा ऑफसाइड निघाला, गोल रद्द झाला आणि युनायटेड पेनल्टींवर जिंकलं. कॉव्हेंट्रीच्या बाकावर मॅनेजर म्हणून होते मार्क रॉबिन्स, ३४ वर्षांपूर्वी फॉरेस्टविरुद्ध गोल करणारे तेच रॉबिन्स.

२५ मेच्या अंतिम सामन्याआधी बातम्या आल्या होत्या की निकाल काहीही लागो, टेन हाग जाणार. संघाने सिटीला २-१ ने हरवलं. त्यानंतर ते म्हणाले, मी नको असेन तर दुसरीकडे जाऊन चषक जिंकीन. मग दोन आठवड्यांहून जास्त काळ क्लबने अवाक्षर काढलं नाही. त्या काळात दुसऱ्या प्रशिक्षकांशी बोलणी झाली. एका जर्मन प्रशिक्षकाशी बोलल्याचं क्लबनेच आपल्याला सांगितलं, असं खुद्द टेन हाग यांनी नंतर डच टीव्हीवर सांगितलं. दुसरं कोणी जमलं नाही तेव्हा त्यांनाच ठेवायचं ठरलं आणि ४ जुलैला करार २०२६ पर्यंत वाढवला.

इथे एक तपशील सहसा वगळला जातो. फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या भागीदाराने सुमारे २५ टक्के हिस्सा घेऊन फुटबॉलचा कारभार हाती घेतला होता. मॅनेजर ठेवायचा की बदलायचा, हे यापुढे नवा क्रीडा संचालक आणि नवा मुख्य कार्यकारी अधिकारी ठरवतील अशी रचना होती. हे दोघेही कामावर रुजू झाले जुलैत. निर्णय झाला जूनमध्ये. ज्यांच्या पदाचं हे मुख्य काम, त्यांनी खुर्चीवर बसण्याआधीच ते उरकलेलं होतं.

पुढच्या दोन महिन्यांत सुमारे २० कोटी पौंडांचे खेळाडू आले. त्यांतले दोन बचावपटू टेन हाग यांच्या जुन्या क्लबात पूर्वी त्यांच्याच हाताखाली तयार झालेले. २८ ऑक्टोबरला, नऊ सामन्यांत ११ गुण आणि चौदावा क्रमांक असताना, टेन हाग यांना काढलं. त्यांना आणि सहकाऱ्यांना निरोप देण्यावर १.०४ कोटी पौंड गेले. ज्या क्रीडा संचालकाची वाट पाहिली होती, तोही पाच महिन्यांत, डिसेंबरात बाहेर पडला.

ठेवणं ही चूक होती असं सरळ म्हणणारे बरेच आहेत. मी तेवढ्यावर थांबणार नाही. जूनमध्ये त्यांना काढलं असतं तर नव्या माणसाला पूर्ण उन्हाळा आणि ते २० कोटी मिळाले असते. मनापासून ठेवलं असतं तर नऊ सामन्यांनी कोणी हललं नसतं. क्लबने यांतलं काहीच केलं नाही. आधी पर्याय शोधला, तो मिळाला नाही, आणि न मिळण्यालाच विश्वास असं नाव दिलं. संघालाही हे माहीत होतं. ज्याची जागा भरायला माणसं बघून झाली आहेत, अशा माणसाचं ड्रेसिंग रूममध्ये कोण ऐकतं?

त्याचा भुर्दंड अमोरिम यांच्यावर पडला. ११ नोव्हेंबर २०२४ ला ते भर मोसमात आले. त्यांची मांडणी ३-४-३ (मागे तीन, मध्ये चार, पुढे तीन), आणि हाताखाली वेगळ्या मांडणीसाठी जमवलेला संघ. पदाचं नाव यावेळी अधिकृतपणे हेड कोच. १९६९ च्या चीफ कोचनंतर इतक्या वर्षांनी पाटी पुन्हा बदलली होती. तो मोसम १५ व्या क्रमांकावर आणि ४२ गुणांवर संपला, १९७४ च्या घसरणीनंतरचा सर्वांत वाईट. २१ मे २०२५ ला बिल्बाओमध्ये युरोपा लीगची अंतिम लढत टॉटनहॅमकडून १-० ने गेली. त्या रात्री अमोरिम म्हणाले, संचालकांना आणि चाहत्यांना मी नको असेन तर भरपाईची एकही गोष्ट न बोलता जाईन. क्लबने त्यांना ठेवलं आणि तीन नव्या आक्रमकांवर पुन्हा २० कोटींच्या घरात पैसे घातले. ऑगस्टमध्ये चौथ्या श्रेणीतल्या ग्रिम्सबीने लीग कपमधून बाहेर काढलं, पेनल्टींवर १२-११. तरी ऑक्टोबरात सहमालकाने, म्हणजे २०२४ च्या त्याच नव्या भागीदाराने, सांगितलं की अमोरिमना तीन वर्षं द्यायला हवीत. तीन महिन्यांनी ते गेले.

अमोरिम यांची बाजू पूर्णपणे बरोबर होती असं मी म्हणणार नाही. मांडणीच्या बाबतीत ते हटवादी होते, आणि त्या हट्टाची किंमत काही तरुण खेळाडूंनी मोजली. पण हेड कोचच्या पदावर सही घेऊन पराभवाचा जाब मॅनेजरसारखा विचारायचा, हा दुटप्पीपणा क्लबचा होता. संघ सुधारत असतानाच बिनसलं, आणि ते खरेदी व मांडणी यांवर शेवटचा शब्द कोणाचा, या मुद्द्यावर बिनसलं. म्हणजे बस्बींनी १९४५ मध्ये करारापूर्वी मिटवून घेतलेली गोष्ट.

त्यानंतर साधारण आठवड्याने क्लबचे माजी खेळाडू मायकल कॅरिक यांच्याकडे संघ सोपवण्यात आला. २०२१ च्या नोव्हेंबर-डिसेंबरातही तीन सामन्यांपुरते तेच बाकावर होते. यावेळची नेमणूक मोसम संपेपर्यंतची होती.