उकिडवं बसणाऱ्या लेकरांचं ऑपरेशन आलं कुठून

माझी भाची नागपूरच्या महाल भागात आजीकडे असायची तेव्हा पकडापकडी खेळता खेळता मधेच उकिडवी बसायची, गुडघे छातीला लावून, ओठ जांभळे, आणि दोन मिनिटांनी उठून परत पळायची. घरचे म्हणायचे पोरगी नाजूक आहे, टॉनिक द्या. टेट्रालॉजी ऑफ फॅलो हे हार्टच्या या जन्मजात आजाराचं नाव फार नंतर कळलं.

आपल्याकडे सगळ्यालाच 'हार्टला होल' म्हणतात, पण यात चार दोष एकत्र असतात. होल असतंच, शिवाय फुप्फुसाकडे जायची वाट अरुंद, म्हणून अशुद्ध रक्त परस्पर अंगात जातं आणि लेकरू निळं पडतं. उकिडवं बसलं की पायाच्या रक्तवाहिन्या दबतात, अंगाकडचा दाब वाढतो, मग थोडं जास्त रक्त फुप्फुसाकडे वळतं. हे लेकरांना कोणी शिकवत नाही बाप्पा, ती आपोआपच बसतात.

फ्रान्सच्या डॉ. फॅलोंनी हे चार दोष १८८८ मध्ये मांडले, पण पुढे पन्नासेक वर्षं इलाज काहीच नव्हता. १९३८ मध्ये बोस्टनला रॉबर्ट ग्रॉस यांनी ७ वर्षांच्या मुलीची डक्टस नावाची नळी बांधून बंद केली; ही नळी अंगाकडच्या आणि फुप्फुसाकडच्या मोठ्या धमन्यांना जोडते, आणि खरं तर जन्मानंतर स्वतःच बंद व्हायला पाहिजे. इकडे बाल्टिमोरला डॉ. हेलन टॉसिग, यांना ऐकू कमी यायचं म्हणून त्या बोटांनी ठोके ओळखायच्या, त्यांच्या लक्षात आलं की निळ्या बाळांत ज्यांची ही नळी उघडी आहे ती तग धरतात आणि नळी बंद झाली की खालावतात. मग नवी वाटच करून दिली तर? टॉसिग यांनी विचारलं तर ग्रॉस यांनी नकार दिला. शेवटी २९ नोव्हेंबर १९४४ ला बाल्टिमोरचेच सर्जन आल्फ्रेड ब्लालॉक यांनी १५ महिन्यांच्या बाळाची हाताकडे जाणारी धमनी फुप्फुसाच्या धमनीला जोडली. मागे स्टुलावर उभे राहून सांगत होते व्हिव्हियन थॉमस, कृष्णवर्णीय टेक्निशियन, डॉक्टरकीची डिग्री नाही, पण कुत्र्यांवर हे जोडकाम त्यांनीच बसवलेलं. ते बाळ पुढे काही महिन्यांनी गेलं, तरी वाट सापडली होती. ऑपरेशनला नाव मात्र कितीतरी वर्षं ब्लालॉक आणि टॉसिग या दोघा डॉक्टरांचंच, थॉमस यांचं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

हे सगळं हार्टच्या बाहेरून. आत शिरायचं तर रक्त फिरवणार कोण? मिनेसोटाचे सर्जन वॉल्टन लिलेहाय यांनी १९५४-५५ मध्ये बहुतेक वेळा आईला नाहीतर बापालाच शेजारच्या टेबलावर झोपवलं आणि त्यांच्या हार्टवर लेकराचं रक्त चालवलं. अशी ४५ ऑपरेशनं, त्यातली २८ लेकरं घरी गेली. फॅलोची पहिली पूर्ण दुरुस्तीही १९५४ मध्येच, अशीच. मग हार्ट-लंग मशीन रुळलं, आणि पुढे एकच कप्पा नीट चालणाऱ्या हार्टसाठी फ्रान्सच्या फोंतान यांचं १९६८ चं, उलट्या जोडलेल्या मोठ्या धमन्या जागेवर लावायचं ब्राझीलच्या जातेने यांचं १९७५ चं, अशी अजून अवघड ऑपरेशनं आली.

आपल्याकडे अडचण लेकरू वेळेत सापडायची. लेकरांची तपासणी करणारा सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला तो आपल्या पालघरहून, त्याची टीम अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. टीम आली की आईनं स्वतःहून सांगावं, पोरगी खेळताना उकिडवी बसते म्हणून.